घरच्यांचा फोटो काढण्याची तयारी

दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातील पुष्कळ आईवडील ऊसतोडीला जातात. ते पाडव्याच्या सुमारास परत येतात. तोपर्यंत आम्ही मुले आजीजवळ राहतो. म्हणून ट्रक यायच्या आधी सर्वांचा एक फोटो काढून घ्यावा. आमच्या घरी यंदा रविवारी काढला. त्यावरून तयारी कशी करावी ते लिहितो.

फोटो हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ प्रकाश असा आहे. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. छाया म्हणजे सावली. गुरुजी म्हणाले, दोन्ही बरोबर आहे, कारण फोटोला उजेड लागतो आणि सावलीही लागते. भर दुपारी दार लावले की फटीतून रस्त्यावरचा माणूस आत भिंतीवर उलटा दिसतो. ते तुम्ही पाहिले असेल. कॅमेऱ्याच्या पेटीत तसेच होते.

दुपारी बारा वाजता फोटो काढू नये. ऊन डोक्यावर असते, त्यामुळे डोळ्यांखाली काळे पडते आणि माणूस आजारी वाटतो. सकाळी आठच्या आत काढावा. ऊन थेट तोंडावर आले तर सगळे डोळे मिचकावतात. म्हणून ओट्याच्या सावलीत कडेला बसावे व तोंड अंगणाकडे करावे. मागे दोरीवरची धुणी, बादली नसावी. खांब डोक्याच्या बरोबर मागे आला तर तो डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो!

मोबाईलची मागची काच सुती फडक्याने पुसावी. भाकरी करताना धरला की तिला तेलकट हात लागतो आणि फोटो धुरकट येतो. लहान बाळाला आधी जेवू घालावे. म्हाताऱ्या माणसांना मध्ये खुर्चीवर बसवावे, उंच माणसे मागे, आम्ही पोरे खाली. माणसे जास्त असली की कोणीतरी डोळे मिटतेच, म्हणून पाच-सहा फोटो काढावेत.

आजी आधी तयारच होईना. "मला कशाला फोटू? हार घालायला व्हय?" असे ती म्हणाली. आमच्या आजोबांचा फोटो फक्त आधार कार्डावर आहे, तो नखाएवढा. आई म्हणाली, "आत्याबाई, पोरांसाठी तरी बसा." मग ती बसली, पण हसली नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये डागेर यांची फोटोची रीत जाहीर झाली, तेव्हा कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावत. एवढा वेळ हसू कोण धरणार? आजी त्याच काळातली वाटते.

वडिलांना बैलांसह पाहिजे होता. तो वेगळा काढला. बैल शेपटी थांबवत नाहीत.

मोबाईल वडिलांबरोबर जातो, तेव्हा फोटो कागदावर छापून घ्यावा. आम्ही तालुक्याहून दोन प्रती आणल्या. एक भिंतीवर लावली, एक आईच्या पेटीत गेली. मागच्या बाजूला तारीख व नावे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहावीत, पेनाची शाई पुढे उमटू शकते. मी दोन्हींवर लिहिली आहेत. बैलांच्या फोटोमागे ढवळ्या, पवळ्या असे लिहिले. आईच्या प्रतीवर मी जागा ठेवली होती, तिथे तिने स्वतःची सही केली.