अंडें धुऊन ठेवावें काय?

घरीं चार कोंबड्या पाळणाऱ्या भगिनी आम्हांस पुष्कळदां विचारितात कीं, अंडीं धुऊन ठेविलीं तर अधिक टिकतात काय? प्रश्न स्वच्छतेचा आहे, म्हणून चांगला आहे. परंतु त्याचें उत्तर 'नाहीं' असें आहे. असें कां, हें आपण पाहूं.

अंड्याचें कवच घट्ट दिसतें, तरी त्यास डोळ्यांस न दिसणारीं हजारों छिद्रें असतात. अंडें बाहेर पडतें तेव्हां त्यावर ओला लेप असतो. तो लगेच वाळून छिद्रें झांकतो. धुतल्यानें हा लेप जातो. शिवाय गार पाण्यांत अंडें आंतून आकसतें व बाहेरची घाण आंत ओढून घेतें. त्या घाणींत सालमोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. त्यांपासून ओकाऱ्या, जुलाब व ताप येतो, आणि लहान मुलें व म्हातारीं माणसें यांच्या तो जिवावरहि बेततो.

मग करावें काय? खुराड्यांतील पेंढा कोरडा ठेवावा व वरचेवर बदलावा. अंडीं रोज दोनदां गोळा करावीं. किंचित् मळ असल्यास कोरड्या फडक्यानें पुसावा. तडकलेलें अंडें टाकून द्यावें. बाकीचीं रुंद टोंक वर करून, चुलीपासून दूर, गार जागीं ठेवावीं. फ्रीज असल्यास त्यांत ठेवावीं. मात्र एकदां आंत ठेविलेलें अंडें उगीच बाहेर काढूं नये, कारण त्यास घाम सुटून कवच ओलें होतें.

शिजवितेवेळीं अंडें पाण्यांत सोडून पाहावें. आडवें पडलें तर ताजें, उभें राहिलें तर जुनें. तरंगलें तर घेऊं नये. परंतु ह्या परीक्षेनें केवळ वय कळतें, जंतु कळत नाहींत. कधीं कधीं जंतु कोंबडीच्या पोटांतच अंड्यांत शिरलेले असतात. तेथें कवच कितीहि स्वच्छ असून उपयोग नाहीं. म्हणून पांढरें व बलक दोन्हीं घट्ट होईपर्यंत अंडें शिजवावें, आणि कच्च्या अंड्यास लागलेले हात साबणानें धुवावे.

आजाऱ्यास शक्ति यावी म्हणून कच्चें अंडें दुधांत फेंटून देण्याची चाल कित्येक घरांत आहे. देणाराचें प्रेम खरें, पण अशक्त देहासच ह्या जंतूंचें भय अधिक. त्यास अंडें अवश्य द्यावें, परंतु उकडून द्यावें. अंडें धुण्याचे श्रम वांचले, तेच चुलीपाशीं खर्चावे.