कशेळीचा श्रीकनकादित्य आणि सड्यावरील गजचित्र

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील कशेळी हे गाव श्रीकनकादित्याचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. सूर्यनारायणाची मंदिरे महाराष्ट्रात मोजकीच असल्याने रथसप्तमीच्या उत्सवास येथे दूरदूरचे भाविक येतात. स्थानाची आख्यायिका अशी की, सौराष्ट्रातून दक्षिणेकडे निघालेले एक गलबत कशेळीच्या समुद्रात अडले. त्यातील आदित्यमूर्ती किनाऱ्यावरील गुहेत ठेवल्यावरच ते पुढे सरकले. पुढे कनका नामक सूर्यभक्त स्त्रीस दृष्टांत झाला, मूर्ती सापडली आणि तिच्या नावावरूनच देव कनकादित्य झाला.

आख्यायिकेच्या जोडीला लेखी पुरावाही आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इ.स. ११९१ चा दानाचा ताम्रपट कशेळीत जपला गेला आहे. दान देणारा कोण आणि ते कधी दिले, हे आठशेहून अधिक वर्षांनंतरही त्यामुळे कळते.

याच कशेळीच्या सड्यावर मात्र अशी एक कलाकृती आहे की जिच्या कर्त्याचे नाव कोणत्याही ताम्रपटात नाही. ती म्हणजे जांभ्या कातळात कोरलेला महाकाय हत्ती. त्याची लांबी सुमारे १८ मीटर व रुंदी सुमारे १३ मीटर असून त्याच्या देहाच्या रेषांच्या आत सत्तरहून अधिक जलचर, पशू व पक्षी कोरलेले आहेत. जवळ उभे राहिल्यास केवळ तुटक रेषा दिसतात. उंचावरून पाहिल्यावरच गजराज साकार होतो. खाली बसून कोरणाऱ्या हातांनी एवढी आकृती प्रमाणात कशी साधली असेल, हा विचार पाहणाऱ्यास थक्क करतो.

ही खोदचित्रे काही ठिकाणी स्थानिक गुराख्यांना व शेतकऱ्यांना ठाऊक होती. पावसाळ्यात ती गवत, माती व शेवाळाखाली झाकली जात आणि त्यांचे महत्त्व जगास अज्ञात राहिले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकात गावोगाव फिरून, वृद्धांशी बोलून, सडे पायी तुडवून शोध घेतला. त्यातून उक्षी, जांभरुण, बारसू, रुंढेतळी अशी अनेक स्थळे उजेडात आली. आज कोकणातील ज्ञात चित्रांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. काही चित्रे दहा हजार वर्षांहून जुनी असावीत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. आज कोकणात कोठेही न आढळणारा गेंडा या चित्रांत दिसतो, ही गोष्ट त्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

यांतील काही स्थळे देवस्थानांच्या सान्निध्यात आहेत. ब्रह्मेंद्रस्वामींशी संबंधित श्रीभार्गवरामाचे मंदिर असलेल्या देवाचे गोठणे येथील सड्यावर मानवाकृती कोरलेली असून तेथे होकायंत्राची सुई योग्य दिशा दाखवीत नाही. देवीहसोळ येथे श्रीआर्यादुर्गेच्या परिसरात चौकोनी खोदपट आहे. प्राचीन मानवाने ही चित्रे पूजेसाठी कोरली की अन्य हेतूने, याचा निर्णय अभ्यासकांवर सोपविणेच उचित. तथापि श्रद्धेच्या जागी अशी ठेव सुरक्षित राहिली, हे खरे.

सन २०२२ मध्ये कशेळीसह कोकण व गोव्यातील नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. सन्मान मिळाला तरी धोका टळलेला नाही. जांभा हाच कोकणातील घरबांधणीचा चिरा असल्याने सड्यावर चिरेखाणी चालतात. रस्ते व बांधकामेही होतात. हजारो वर्षे ऊन-पाऊस सोसलेली रेषा यंत्राच्या एका फेऱ्यात कायमची नष्ट होऊ शकते. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या गजचित्राच्या रक्षणासाठी दाखविलेली आस्था म्हणूनच अनुकरणीय आहे.

श्रीकनकादित्याच्या दर्शनानंतर गजचित्र पाहावयास जाणाऱ्या भाविकांनी रेषांवर पाय ठेवू नये, छायाचित्रासाठी त्यांत खडू वा रंग भरू नये, कातळावर नावे कोरू नयेत. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात रेषा अधिक स्पष्ट दिसतात.

गुहेतील मूर्ती एका भक्त स्त्रीमुळे गावास लाभली. सड्यावरील हत्ती काही अभ्यासकांच्या चिकाटीने पुन्हा उजेडात आला. ताम्रपट जपणाऱ्या कशेळीस ही दुसरी ठेव जपणे अवघड नाही. येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूने त्यास हातभार लावावा, हेही एक दानच होय.