ओसाड वाड्यातील धन आणि धनावरचा समंध



उन्हाळी सुट्टीत धर्मशिक्षण वर्गातील मुलांना घेऊन आम्ही वसईचा किल्ला पाहायला गेलो होतो. फिरता फिरता छप्पर नसलेल्या एका मोठ्या घरापाशी आलो. भिंती उभ्या होत्या, जिना अर्ध्यावर तुटलेला होता आणि खिडक्यांतून झाडांची मुळे खाली उतरली होती. सगळी मुले आत धावली. पाचवीतला एक मुलगा मात्र उंबऱ्यापाशीच थांबला.

"फादर, आत नको. तिथं सोनं पुरलंय आणि त्यावर भूत बसलंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या आजोबांनी."

"आजोबांनी पाहिलं होतं का?"

"नाही. त्यांना त्यांच्या काकांनी सांगितलं होतं."

बाकीची मुले हसली. मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर ते हसू मला बोचू लागले. अशाच एका गोष्टीपायी एक घर उद्ध्वस्त होता होता वाचल्याचे मी पाहिले होते. त्याविषयी पुढे सांगणारच आहे. आजच्या पाठात या गोष्टीचा शांतपणे विचार करू या.

वाडे कोणाचे होते?

गोष्ट खरी की खोटी हे ठरवण्याआधी जागेची ओळख करून घ्यावी. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे तटबंदीच्या आत एक संपन्न शहर वसले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंची मंदिरे व मठ उभे राहिले. सरदार आणि व्यापारी यांनी वाडे बांधले. १६७५ साली जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर येथे येऊन गेला. दुमजली भव्य घरे, छप्पर असलेले सज्जे आणि मोठमोठ्या खिडक्या त्याने पाहिल्या. त्या खिडक्यांना काचेऐवजी कालवांच्या शिंपा बसवल्या होत्या, असेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

वीस वर्षांनी, १६९५ साली, जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी आला, तेव्हा साथीच्या रोगाने शहराचा सुमारे तिसरा भाग ओस पडला होता. म्हणजे वसईतील काही घरे लढाईच्या कितीतरी आधीच रिकामी झाली होती. ज्या घरात एकामागून एक माणसे दगावली, त्या घरापुढून संध्याकाळी जाताना लोकांनी पावले झपझप उचलली असतील. भुताची पहिली कुजबुज कदाचित तेव्हाच सुरू झाली असेल.

मग १७३९ साल उजाडले. चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग लावले गेले. मराठ्यांचे हजारो सैनिक आणि पोर्तुगिजांचे शेकडो सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. १७८० साली तो इंग्रजांनी जिंकला आणि पुढे तहानुसार परत केला. सत्ता बदलत गेल्या आणि वाड्यांना राखणारे कोणी उरले नाही. लाकूड कुजले, छपरे बसली आणि ताडामाडांनी अंगणे व्यापली.

धन कुठे गेले?

दंतकथा सांगते की, पोर्तुगीज रातोरात पळाले आणि जाताना चर्चची चांदी व घरातील सोने जमिनीत पुरून गेले. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

वेढा चालू असताना पोर्तुगिजांची तिजोरी रिकामी होती. शिपायांना पगार द्यायला पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी १५,००० रुपये दिले खरे, पण तेही चर्चमधील चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून! जी चांदी पुरली असे आपण म्हणतो, त्यातली बरीचशी त्या वेळी मुंबईत गहाण पडली होती.

दुसरी गोष्ट शरणागतीच्या तहाची. चिमाजी आप्पांनी पराभूतांना उदार अटी दिल्या. पोर्तुगीज सैन्याने शस्त्रांसह, निशाणे घेऊन बाहेर पडावे. रहिवाशांनी आपली जंगम मालमत्ता सोबत न्यावी. यासाठी आठ दिवसांची मुदत दिली गेली. घाईघाईने पळणारी माणसे धन पुरतात. आठ दिवस मिळालेली माणसे धन बांधून नेतात. एखाद्या घाबरलेल्या व्यापाऱ्याने चार नाणी पुरलीच नसतील असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण खजिन्याने भरलेली तळघरे हा केवळ कल्पनेचा खेळ आहे.

किल्ल्यातून जे मोलाचे मागे राहिले ते कोणी लपवलेले नाही. ते उघड्यावर टांगलेले आहे! ते म्हणजे आपल्या चर्चच्या घंटा. मराठा सरदारांनी विजयाची खूण म्हणून त्या नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया दिसते आणि साल आहे १७०७. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. वसईच्या माणसांना मिस्सेला बोलावणाऱ्या या घंटा आज दुसऱ्या भाविकांना बोलावतात. खजिना शोधायला रात्री कुदळ घेऊन निघणाऱ्याने एकदा दिवसाउजेडी नाशिकला जाऊन यावे.

कधीच न हरणारी गोष्ट

मग एवढे पुरावे असूनही ही गोष्ट मरत का नाही? तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी असताना एक साधा धडा मी शिकलो: एखादे विधान खरे मानण्याआधी विचारावे की, ते खोटे असते तर आपल्याला कसे कळले असते? आता या कथेला तोच प्रश्न विचारून पाहा. खणले आणि नाणे मिळाले तर खजिना आहे हे सिद्ध झाले. काहीच मिळाले नाही तर धनावरच्या समंधाने ते हलवले. कोळसे मिळाले तर आपल्या नशिबी नव्हते म्हणून सोन्याचे कोळसे झाले. खणणारा आजारी पडला तर राखणदार कोपला. काहीही घडो, गोष्ट जिंकतेच. जी गोष्ट कधीच हरू शकत नाही, ती आपल्याला काहीच सांगत नसते.

म्हणूनच भूत आणि धन या दोन कथा नेहमी जोडीने फिरतात. भूत नसेल तर लोक विचारतील, "इतक्या वर्षांत कोणी काढले का नाही?" आणि धन नसेल तर विचारतील, "भूत तिथे बसलेय कशाला?" एक कथा दुसरीची जामीनदार आहे. पण दोघींकडे तारण काहीच नाही.

राहिले आवाज आणि सावल्या. पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड राहते. त्याचा चेहरा पांढरा आणि ओरडणे माणसाच्या किंकाळीसारखे. वटवाघळे फडफडतात, उदमांजर भिंतीवरून उडी मारते, वाऱ्याने ताडाची सुकी झावळी खडखडते. मनात गोष्ट आधीच भरलेली असली की कान उरलेले काम करतात.

लोभाची किंमत

आता ती घटना सांगतो. त्या कुटुंबाच्या परवानगीने, नाव-गाव न घेता. एका गृहस्थाचे वडिलोपार्जित घर अनेक वर्षे बंद होते. परगावच्या एका मांत्रिकाने त्यांना सांगितले की, स्वयंपाकघराच्या जमिनीखाली हंडा आहे, पण त्यावर राखणदार बसला आहे. आधी कोंबडे झाले, मग पूजेचे साहित्य, मग दक्षिणा. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. दर अमावास्येला धन "एक हात वर" येत होते. शेवटी मांत्रिक म्हणाला, "पायाळू मूल पाहिजे. फक्त पाटावर बसवायचं, बाकी काही नाही."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याला आपल्याकडे पायाळू म्हणतात आणि पायाळूला जमिनीतले धन दिसते असा समज आहे. त्या गृहस्थाची धाकटी मुलगी पायाळू होती. त्या रात्री तिची आई मुलीला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांकडे गेलो. मुलगी वाचली. बांगड्या मात्र परत आल्या नाहीत.

"फक्त पाटावर बसवायचं" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभाशी जोडले गेलेले खुनांचे सत्र घडले. बळींमध्ये स्त्रिया आणि लहान मुली होत्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे लढा दिला, तो कायदा २०१३ साली, त्यांच्या हत्येनंतर, झाला. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये त्यात गुन्हा ठरवली आहेत. शिवाय १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. वसईचा किल्ला तर संरक्षित स्मारक आहे. तेथे परवानगीविना खणणे हाच गुन्हा आहे.

एखाद्या घरात असे काही चालले आहे अशी शंका आली, तर "आपल्याला काय करायचंय" म्हणू नका. त्या घरात एखादे लहान मूल असू शकते.

मग मृतांचे काय?

कोणी विचारील, "फादर, म्हणजे मेल्यानंतर काहीच नाही का?" असे ख्रिस्तसभा कधीच म्हणत नाही. मृत भक्तजनांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावतो. पण त्यांना बोलावणे, त्यांच्याकडून गुपिते काढून घेणे, त्यांना धनाचे चौकीदार समजणे हे ख्रिस्तसभेने कायम निषिद्ध मानले आहे. शौल राजा एन-दोरच्या स्त्रीकडे शमुवेलाला उठवायला गेला आणि तेथून भयाने खचून परतला, ही शास्त्रातील कथा आपल्याला ठाऊक आहे.

संत ऑगस्टीन यांनी मृतांच्या काळजीविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यात ते फार हळवा मुद्दा मांडतात: मेलेली माणसे आपल्या मर्जीने जिवंतांकडे येऊ शकत असती, तर माझी आई एकही रात्र मला भेटल्यावाचून राहिली नसती. त्या आईने, म्हणजे संत मोनिका यांनी, मुलासाठी किती अश्रू गाळले हे आपण जाणतो. जी आई येत नाही, तिच्याऐवजी एखादा अनोळखी सरदार नाण्यांच्या हंड्यासाठी तीनशे वर्षे ताटकळत बसेल का? मृत देवाच्या हाती आहेत. त्यांना आपली भीती नको, प्रार्थना हवी.

शेतातील ठेव

प्रभू येशूनेही लपलेल्या धनाची एक गोष्ट सांगितली. ती मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. त्या माणसाला शेतात ठेव सापडते. तो काय करतो? रात्री चोरून खणत नाही, कोणाचा बळी देत नाही. आनंदाने आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. मांत्रिकाच्या गोष्टीत दुसऱ्याचे लेकरू द्यावे लागते. प्रभूच्या गोष्टीत स्वतःचे द्यावे लागते. खरे धन ओळखण्याची ही चांगली कसोटी आहे.

वसईच्या मातीतल्या एका मुलाने हे करून दाखवले. संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले, येशूसंघीयांकडे शिकले आणि जपानमध्ये जाऊन यशस्वी व्यापारी झाले. मग भरभराटीचा व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू बनले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण अर्पण केला आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. वसईने जगाला दिलेले धन शोधायचे असेल तर ते येथे आहे.

त्या दिवशी किल्ल्यातून निघण्यापूर्वी आम्ही फ्रान्सिस्कनांच्या पडक्या मंदिरात गेलो. तेथील जमिनीवर जुने थडगे-दगड आहेत. पावलांनी आणि पावसाने झिजलेली अक्षरे मुले बोटांनी वाचू लागली. भिणारा तो मुलगा हळूच म्हणाला, "फादर, ही तर माणसं आहेत." आम्ही तेथे उभे राहून त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तटाखाली पडलेल्या मराठा शिपायांसाठीही केली. मग तो मुलगा मला म्हणाला, "आता त्या घरात जाऊ या?" आम्ही गेलो. आत शेवाळ होते, उन्हाचा एक चौकोन होता आणि एका कोनाड्यात पारव्याचे घरटे. त्यात दोन अंडी होती. ती तशीच ठेवून आम्ही बाहेर आलो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या गावात किंवा घराण्यात धनाची वा भुताची कोणती गोष्ट सांगितली जाते? ती प्रथम कोणी पाहिली होती, याचा माग मुलांसोबत काढून पाहा.

२. झटपट श्रीमंतीचे आमिष आज मांत्रिकाखेरीज आणखी कोणत्या रूपांत आपल्या दारी येते?

३. आपल्या कुटुंबातील ज्या मृतांची नावे आपण विसरत चाललो आहोत, ती एका कागदावर लिहा आणि या आठवड्यात रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणा.