पिकल्या वयातील हाडे

घरातील वृद्ध स्त्री पहाटे न्हाणीघरात घसरून पडते. तिला उठवत नाही. एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. शेजारीपाजारी जमतात. कोणी तेल चोळण्यास सांगतो, कोणी हाडवैद्याचे नाव घेतो आणि अखेर 'आता वयच झाले' या उद्गारावर विषय संपतो. वास्तविक ही लक्षणे बहुधा खुब्याचे हाड मोडल्याची असतात. अशा वेळी पाय चोळणे किंवा रुग्णास चालवून पाहणे घातक होय. पाय न हलविता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित नेले पाहिजे. एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण लवकर उभा राहण्याची शक्यता वाढते. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाचा जीव बहुधा मोडलेल्या हाडामुळे नव्हे, तर न्यूमोनिया, शय्याव्रण व रक्ताच्या गुठळ्या यांमुळे धोक्यात येतो. २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांचा, उत्पन्नाची अट न ठेवता, समावेश झाला आहे. मात्र कार्ड आधी काढलेले असावे. अपघाताच्या दिवशी त्यासाठी धावपळ नको.

परंतु इतक्या लहानशा पडण्याने हाड मोडतेच का? हाड ही सजीव वस्तू आहे. तिची झीज व भर आयुष्यभर चालू असते. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा सर्वाधिक असतो, पुढे झीज वरचढ होते. स्त्रियांत पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते व ही झीज झपाट्याने वाढते. हाडे पोकळ, ठिसूळ होण्याच्या या विकारास अस्थिसुषिरता म्हणतात. तो दुखत नाही, हीच त्याची खोड. मनगटाचे हाड मोडणे, उंची कमी होणे, पाठीस बाक येणे ही त्याची चिन्हे असू शकतात. आपण मात्र त्यांना म्हातारपण समजून सोडून देतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांस रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांस १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम, तेवढ्याच दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असते. नाचणीची भाकरी, ताक, तिळाची चटणी हे काही महागडे औषध नव्हे. घरातील म्हाताऱ्या बाईच्या वाट्यास दूध शेवटी येते, अडचण तेथे आहे. कॅल्शियम अंगी लागण्यास 'ड' जीवनसत्त्व लागते व ते त्वचेत उन्हाने तयार होते. काचेआडून आलेले ऊन त्यासाठी निरुपयोगी. तंबाखू व मिश्री हाडांची हानी करतात. सांधेदुखीवर मिळणाऱ्या अनोळखी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तेही हाडे पोखरते.

निवृत्त शिक्षक व कर्मचारी यांचे बैठे जीवन हाडांस मानवत नाही; रोज चालावे, जिना चढावा, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्याचा सराव करावा. मोतीबिंदू वेळीच काढून घ्यावा, कारण अंधुक दृष्टी हेही पडण्याचे मोठे कारण आहे. मोरीतील शेवाळ खरवडावे, शौचालयात धरण्यास दांडी बसवावी, रात्री वाटेत दिवा ठेवावा. हयातीच्या दाखल्यासाठी वृद्ध मंडळी ज्या कार्यालयात येतात, त्याच्या पायऱ्यांना कठडा आहे काय, हे पंचायत सदस्यांनी एकदा स्वतः चढून पाहावे.