हरभऱ्यावरील घाटेअळी व तिचा शत्रू कीटक

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रब्बी हंगामात घेतल्या जाणाऱ्या हरभऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे घाटेअळी होय. लहान अळी कोवळी पाने खरवडून खाते. मोठी झाली की अर्धे शरीर घाट्यात घालून दाणे फस्त करते. एक अळी ३० ते ४० घाट्यांची हानी करू शकते. मात्र ह्या अळीलाही एक शत्रू आहे व त्याची मदत शेतकऱ्यास विनामूल्य लाभते.

हा शत्रू म्हणजे कॅम्पोलेटिस नावाची बारीक, लांब मिशांची परोपजीवी माशी. तिच्या कुळातील काही जाती थंड प्रदेशांत चीड वृक्षाची पाने खाणाऱ्या करवतमाशीच्या अळ्यांवर उपजीविका करतात. मराठवाड्यातील कॅम्पोलेटिस घाटेअळीवर वाढते.

कार्य : मादी लहान अळी हेरून तिच्या शरीरात एक अंडे घालते. अंड्यातून निघालेला जीव अळीला आतून खात वाढतो व सुमारे आठवडाभराने बाहेर पडून शेजारीच कोष विणतो. अळीची केवळ कातडी उरते. घाटे पोखरण्याइतकी मोठी होण्यापूर्वीच अळी मरते, हा ह्या माशीचा खरा उपयोग होय. अंड्यांवर वाढणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक हरभऱ्यात फारसा टिकत नाही, कारण पानांवरील आंब त्यास बाधते. म्हणून कॅम्पोलेटिसचे महत्त्व अधिक आहे.

ओळख : पानांवर व फांद्यांवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढुरके-करडे कोष दिसतात. ते किडीची अंडी समजून चिरडू नयेत.

उपाय : पीक फुलोऱ्यावर येण्यापूर्वी ही माशी अधिक प्रमाणात आढळते. त्या काळात विनाकारण विषारी औषध फवारल्यास प्रथम मित्र मरतो, आणि पुढे येणाऱ्या अळ्यांना शत्रू उरत नाही. म्हणून शेतात चार-पाच ठिकाणी ओळीची पाहणी करावी. दर मीटर ओळीत १ ते २ अळ्या आढळल्या तरच फवारणीचा विचार करावा, व तोही प्रथम ५ टक्के निंबोळी अर्काचा किंवा घाटेअळीच्या विषाणूचा. हरभऱ्यात मधून मधून धने पेरावेत. त्यांच्या फुलांतील मधावर ह्या माश्या पोसल्या जातात.

फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी शेतकऱ्याने शेतातील कोष पाहावेत. त्यात खर्च काहीच नाही. पण त्यामुळे औषधाचा खर्च वाचू शकतो व पीकही हाती येते.