बाजारातील पत आणि बँकेचा स्कोअर

आपल्या बाजारात माणसाची पत त्याच्या जबानीवर चालते. सुताची गाठ उधारीवर उचलायची आणि कापड विकले गेले की पैसे पोहोचते करायचे, हा व्यवहार भिवंडी-मालेगावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्याने आयुष्यात एकही वायदा चुकवला नाही, असा आपला बंधू बँकेत जातो तेव्हा त्याला सांगितले जाते की, तुमची काहीच नोंद नाही. त्याला तो अपमान वाटतो. वास्तविक बँक खोटे बोलत नसते. सूतवाल्याची उधारी, भिशी, कर्जे-हसना यांची नोंद तिकडे पोहोचतच नाही.

ही नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांपैकी २००० साली स्थापन झालेली सिबिल सर्वांत जुनी. बँका व वित्त कंपन्या प्रत्येक कर्जदाराचा हिसाब यांना कळवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत स्कोअर निघतो.

सर्व कर्जे येथे सारखी धरली जात नाहीत. घराचे कर्ज तारणावरचे व लांब मुदतीचे असते. त्याचे हप्ते वेळेवर गेले तर पत बळकट होते. वैयक्तिक कर्ज किंवा मोबाईलवर मिळणारे झटपट कर्ज विनातारण असते. अशी चार-पाच कर्जे एकदम दिसली, की हा माणूस अडचणीत आहे असा अर्थ लावला जातो. क्रेडिट कार्डाची तऱ्हा आणखी निराळी. मर्यादा एक लाखाची आणि दरमहा नव्वद हजार वापरले, तर पूर्ण पैसे भरूनही स्कोअर उतरू शकतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण व्याजामुळे कर्जापासून दूर राहतात. ते योग्यच आहे. नोंद नसणे म्हणजे वाईट नोंद नव्हे. कार्डाचे संपूर्ण बिल मुदतीत भरले तर खरेदीवर व्याज लागत नाही आणि नोंदही होते. मात्र कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. मुळात असा करार करावा की नाही, हे आपल्या विश्वासातील आलिमांना विचारूनच ठरवावे.

सर्वांत फसवे कर्ज दुसऱ्याचे असते. आम्ही एका नातेवाइकाच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिलो. एक पैसा घेतला नाही, फक्त सही केली. पुढे त्याचे हप्ते थांबले. आम्ही यंत्रमागासाठी अर्ज केला तेव्हा ते कर्ज आमच्या अहवालात जामीनदार म्हणून थकबाकीसह उभे होते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा हुकूम आहे. आम्ही मात्र काय लिहिले आहे ते न वाचताच सही केली होती.

थकलेले कर्ज तडजोडीने मिटवणाऱ्यांनीही सावध असावे. बँकेने काही रक्कम सोडली, की अहवालात 'पूर्ण फेड' असे न येता 'सेटल्ड' असे येते, आणि हा शेरा पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो.

२०१७ पासून चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून घ्यावा. नोंद चुकीची असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे. आमची नोंद मात्र बरोबर होती, म्हणून नातेवाइकाचे थांबलेले हप्ते आम्हीच भरले.