प्रोग्रॅम आपला, संगणक दुसऱ्याचा

पुण्या-नागपूरहून, नांदेड-जळगावहून पहिल्या नोकरीसाठी नोएडा-गुरुग्रामला येणारी मराठी मुलंमुली तर्कात कच्ची नसतात. आकडेमोड बरोबर असते, फंक्शनं नीट बेतलेली असतात. प्रोग्रॅम कोसळतो तो भलतीकडेच. फाइल उघडताना, फोल्डर शोधताना, रात्री आपोआप सुरू होताना, म्हणजे जिथे त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडे काही मागावं लागतं तिथे. स्वतःच्या लॅपटॉपवर हे कळत नाही, कारण तो लॅपटॉप आपल्याच सवयींनी लावलेला असतो. दिल्लीतल्या एखाद्या कार्यालयातल्या संगणकावर मात्र फाइलींची नावं हिंदीत असतात, डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्याच डिस्कवर असतो आणि दुपारी आंधी आली की वीज जाते. मी नागपूरहून इथे आले तेव्हापासून अशाच संगणकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. जे नुकसान होताना पाहिलं, त्यातून जे शिकले ते नव्यांना वेळेवर मिळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी विजेचं. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा कोसळली आणि या वेळी पूर्व आणि ईशान्येची ग्रिडही सोबत गेली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली, दिल्ली मेट्रो जागीच थांबली. असे दिवस विरळा. पण मे-जूनमधल्या आंधीत नोएडा, गाझियाबाद, फरीदाबादला वीज जाणं ही रोजची गोष्ट आहे. हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की डिझेल जनरेटरवर निर्बंध येतात. छोट्या कार्यालयांत यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी कधीची संपलेली असते. तेव्हा कुठल्याही ओळीवर असताना आपला प्रोग्रॅम मरू शकतो असं समजूनच लिहायला हवं.

सर्वांत जास्त धोका फाइल जतन करताना असतो. मूळ फाइल उघडली, ती रिकामी झाली, नवा मजकूर अर्धा लिहिला गेला आणि दिवे गेले, तर जुनं गेलं आणि नवंही आलं नाही. म्हणून मूळ फाइलीवर थेट लिहूच नये. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाची तात्पुरती फाइल करावी, तिच्यात सगळं लिहावं, एफसिंक करून ते खरोखर डिस्कवर उतरवायला ऑपरेटिंग सिस्टीमला सांगावं आणि मगच तिला मूळ फाइलीचं नाव द्यावं. पायथनमध्ये शेवटच्या पायरीसाठी ‘रिप्लेस’ आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी फाइल पूर्ण मिळते किंवा नवी पूर्ण मिळते, अर्धवट मिळत नाही. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी, हे विसरू नका. दुसऱ्या डिस्कवर असेल तर नाव बदलण्याऐवजी नक्कल करावी लागते आणि ती मध्येच तुटू शकते. आणखी एक अडचण विंडोजवर हमखास येते. ती फाइल कुणी एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल, तर बदलायला परवानगी मिळत नाही. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा. तरीही जमलं नाही तर कुठली फाइल बंद करायची ते वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगा.

विजेचा दुसरा फटका जास्त फसवा आहे. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये नवं काम नोंदवलं की एक अट आधीपासूनच लागू असते: संगणक मुख्य विजेवर असेल तरच काम सुरू करायचं आणि तो बॅटरीवर गेला की थांबवायचं. वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला की आपलं काम मध्येच बंद. यूएसबीने जोडलेला यूपीएसही विंडोजला बॅटरीसारखाच दिसतो, त्यामुळे डेस्कटॉपवरही हेच घडू शकतं. एका कार्यालयात रात्रीचा बॅकअप आठवड्यातल्या काही रात्रीच होत असे आणि सगळे नेटवर्कला दोष देत होते. ‘कंडिशन्स’च्या पानावरची ती खूण काढली आणि प्रश्न मिटला. तिथे असताना आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. ‘स्टार्ट इन’ रिकामं ठेवलं, तर प्रोग्रॅम विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये उभा राहून आपल्या फाइली शोधतो, म्हणून पत्ते नेहमी पूर्ण द्या. आणि आपल्याला दिसणारी ‘झेड’ ड्राइव्ह रात्री दुसऱ्या खात्याने चालणाऱ्या कामाला दिसत नाही. तिथे सर्व्हरचा पूर्ण पत्ताच द्यावा लागतो.

घड्याळाचं थोडक्यात सांगते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री दोनला चालणारा प्रोग्रॅम जागतिक तारीख घेऊन अहवालाला नाव देत असेल, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतले सगळे अहवाल कालच्या तारखेचे होतात. साठवताना जागतिक वेळ आणि माणसांना दाखवताना भारतीय वेळ, एवढा नियम पुरतो.

आता फाइलींच्या नावांकडे येते, कारण मराठी-हिंदीत काम करणाऱ्यांचं खरं दुखणं इथे आहे आणि इंग्रजी पुस्तकांत ते क्वचितच सापडतं.

मध्य दिल्लीतल्या एका कार्यालयात जुन्या कागदांचे स्कॅन विंडोजवरून लिनक्सच्या सर्व्हरवर हलवायचे होते. तिथल्या पद्धतीप्रमाणे पत्राचा विषय हेच फाइलीचं नाव, म्हणजे ‘के संबंध में’पर्यंत जाणारी लांबलचक वाक्यं. नक्कल करणारा प्रोग्रॅम रात्रभर चालला आणि सकाळी ‘काम पूर्ण’ असं सांगून बंद झाला. मूळ फाइली पुसण्याची आज्ञा द्यायची बाकी होती. तिथले जुने बडे बाबू शांतपणे म्हणाले, “मॅडम जी, पहले गिनती मिला लीजिए.” त्यांनी रजिस्टर काढलं. गिनती जुळली नाही. शेकडो फाइली पोहोचल्याच नव्हत्या. प्रोग्रॅमने त्या वगळून लॉगमध्ये नोंद केली होती आणि तो लॉग कुणी उघडला नव्हता.

कारण साधं होतं. विंडोजवर नाव २५५ एककांपर्यंत चालतं आणि तिथे देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. त्यातही चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. ‘क्षि’ हे डोळ्यांना एकच अक्षर, पण आत क, हलंत, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. विंडोजवरही निर्धास्त राहता येत नाही, कारण फोल्डरांसकट संपूर्ण पत्त्याला जुनी २६० ची मर्यादा आहे. विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीपासून ती उठवता येते, पण त्यासाठी संगणकावर सेटिंग बदलावं लागतं आणि प्रोग्रॅमनेही तशी तयारी जाहीर करावी लागते. तेव्हा फाइलीला छोटा क्रमांक द्या आणि पूर्ण विषय डेटाबेसमध्ये ठेवा. हलवाहलवीनंतर संख्या, आकारमान आणि शक्य असेल तर हॅश जुळवल्याशिवाय मूळ फाइलींना हात लावू नका. बडे बाबूंची ती सवय मला कुठल्याही साधनापेक्षा मोलाची वाटते.

विंडोज आणि लिनक्स यांच्यातलं हे अंतर दिल्लीत आता दूरचं राहिलेलं नाही. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली आणत असल्याची बातमी ऑगस्ट २०२३ मध्ये आली. सी-डॅकची ‘बॉस’ त्याआधीपासून आहे. इंग्रजी नावांत छोटं-मोठं अक्षर विंडोजला सारखंच, लिनक्सला वेगळं. विंडोजची उलटी तिरकी रेघ तर पायथनमध्ये विंडोजवरसुद्धा दगा देते. त्या रेघेनंतर छोटा ‘एन’ आला की पायथन नवी ओळ समजतो आणि छोटा ‘टी’ आला की टॅब. त्यामुळे इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहिलेले ‘नोएडा’ आणि ‘टिळकनगर’ नावांचे फोल्डर सापडेनासे होतात. पत्ते हाताने जोडू नका, ‘पाथलिब’कडून जोडून घ्या. दुसरा प्रोग्रॅम चालवताना फाइलीचं नाव एकाच लांब आज्ञेत चिकटवू नका, यादीतला स्वतंत्र घटक म्हणून द्या. इथल्या व्यापाऱ्यांच्या फाइलींत ‘गुप्ता & सन्स’ असं नाव सर्रास असतं आणि विंडोजची आज्ञा-खिडकी त्या & नंतरचा भाग वेगळी आज्ञा म्हणून चालवायला जाते.

फाइलीच्या आतल्या मजकुराचंही तसंच. फाइल उघडताना लिपीचं एन्कोडिंग सांगितलं नाही, तर पायथनच्या आजवर वापरात असलेल्या बहुतेक आवृत्त्या विंडोजवर संगणकाचं जुनं कोडपेज घेतात. त्यात देवनागरी नसते. मग कधी त्रुटी येते, कधी अनोळखी चिन्हांची रांग. प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल, तर सुरुवातीला बीओएम हे खूणचिन्ह घालणारा प्रकार वापरा, नाहीतर दोनदा क्लिक करून उघडणाऱ्याला हिंदी नावांऐवजी कचरा दिसतो. आणि कृतिदेवपासून सावध राहा. उत्तरेत हिंदी टंकलेखन वर्षानुवर्षं त्याच फाँटवर झालं, जसं आपल्याकडे श्री-लिपीवर. पडद्यावर हिंदी दिसते, पण आत रोमन अक्षरं असतात. प्रोग्रॅमला ‘शर्मा’ शोधायला सांगितलं तर तो कधीच सापडणार नाही आणि त्रुटीही येणार नाही. अशा कार्यालयात काम घेताना जुन्या फाइली कुठल्या फाँटमध्ये आहेत हे पहिल्याच भेटीत विचारा. रूपांतरासाठी लागणारा वेळ तेव्हाच मागून घ्या.

पुसण्याबाबत मी फार कडक आहे. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या ‘स्टीम’ या खेळांच्या सॉफ्टवेअरमधली एक त्रुटी उघड झाली. फोल्डरचा पत्ता ठेवणारं चल रिकामं राहिलं आणि ‘या फोल्डरमधलं सगळं पुसा’ या आज्ञेचा अर्थ ‘संगणकावरचं सगळं पुसा’ असा झाला. काहींच्या वैयक्तिक फाइली गेल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टला विंडोज १० चं अद्यतन काही दिवसांत थांबवावं लागलं. ज्यांनी डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसरीकडे वळवला होता, त्यांच्या जुन्या जागचा फोल्डर ते पुसत होतं आणि काहींच्या फाइली अजून तिथेच होत्या. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांचाही अंदाज चुकतो. तेव्हा डॉक्युमेंट्स कुठे आहे हे तर्काने ठरवू नका, ते विंडोजलाच विचारा, कारण वनड्राइव्हमुळे तो आज कुठेही असू शकतो. पुसण्याआधी पत्ता रिकामा नाही ना, तो अपेक्षित फोल्डरच्या आतच आहे ना, हे तपासा. आणि कायमचं पुसण्याऐवजी रिसायकल बिनमध्ये टाका.

गुरुग्रामच्या हिशेब सांभाळणाऱ्या कंपन्यांत माणसाऐवजी माउस आणि कीबोर्ड चालवणारे बॉट बरेच आहेत. एका ठिकाणी बॉट रकमा भरत असताना सूचनेची खिडकी वर आली आणि पुढच्या रकमा चॅटच्या खिडकीत टाइप होऊन ग्राहकाला गेल्या. पडद्यावरच्या बिंदूवर क्लिक करणं हा शेवटचा उपाय समजा. डिस्प्ले १०० टक्क्यांवरून १२५ वर गेला की बटण जागेवर नसतं. विंडोजची यूआय ऑटोमेशन ही सोय बटणाला नावाने शोधू देते. दृष्टिहीनांची वाचक-सॉफ्टवेअरंही तिचाच आधार घेतात. प्रत्येक वेळी टाइप करण्याआधी समोर कुठली खिडकी आहे ते तपासा.

शेवटचं, संगणकाच्या किती खोलात शिरायचं याबद्दल. १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर वाटली गेली. तिचा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालणारा. त्याला २१ रकाने अपेक्षित होते, मिळाले २०. साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा बंद पडला असता. इथे अख्खे संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ते सुमारे ८५ लाख होते. दिल्ली विमानतळावर पांढऱ्या फळ्यावर हाताने विमानांची माहिती लिहावी लागली. कंपनीने सुमारे सव्वा तासात ती फाइल मागे घेतली, पण अडकलेला बहुतेक प्रत्येक संगणक माणसाने समोर बसून सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि ती फाइल पुसायची, असं काम उरलं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्लीही हवी, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तोही बंद पडलेला.

कर्नलमध्ये शिरल्याशिवाय भागत असेल तर शिरू नका. प्रशासकाचे अधिकार मागू नका, साध्या खात्यावर चालेल असं लिहा. नवी आवृत्ती आधी दोन-चार टेबलांवर द्या, आठवडाभर बघा, मग उरलेल्या इमारतीत. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल वाचण्याआधी तिचे रकाने मोजा. आणि कार्यालय सोडण्याआधी तिथल्या प्रमुखांना विचारा की बिटलॉकरच्या किल्ल्या कागदावर छापून कपाटात ठेवल्या आहेत का. नसतील तर त्याच दिवशी छापून घ्या आणि कुठल्या टेबलाची कुठली, ते शेजारी लिहा.